कांद्याला थंडी वाजली पाहिजे

गणपती उठले की माझ्याकडे पत्रांचा ठरलेला लोंढा येतो. शेवंती कधी लावू, जास्वंदीवर पांढरा कापूस बसलाय, मोगरा आता छाटला तर चालेल का. यंदा मात्र पाच-सहा पत्रं निळ्या फुलांच्या विलायती कांद्यांबद्दल आहेत. हॉलंडच्या बागांचा कुठला तरी व्हिडिओ फिरतोय, असं दिसतं. ती सगळी एकदम घेतो, कारण यातलं काही करायचं असेल तर ते पुढच्या तीन-चार आठवड्यांत करावं लागतं. शेवंतीवाल्यांनी रागावू नये, पुढचा अंक तुमचा.

नव्या वाचकांना एवढंच सांगतो की मी वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस नाही. 31 वर्षं तुर्भ्याला एका शीतगृहात मशीन ऑपरेटर होतो. अमोनियाचे कॉम्प्रेसर, आणि खोल्यांमधून बटाटा, सफरचंद, चिंच, सुकी मिरची. गाव जुन्नरकडचं, त्यामुळे कांदा घरचा. आता नेरुळला सोसायटीच्या गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या आहेत, सेक्रेटरींच्या मेहरबानीवर. या कांद्यांचं मला जे काय कळतं ते कॉम्प्रेसरच्या बाजूनं कळतं.

प्रश्न : गेल्या वर्षी ऑनलाइन मस्कारीचे 20 कांदे मागवले. चित्रात निळ्या द्राक्षांचे उलटे घड उभे केल्यासारखी फुलं होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्वेच्या गॅलरीत लावले. पानं अशी आली की जणू पातीचा कांदा. फूल मात्र एकही नाही. शेणखत दिलं, हाडांचा चुरा दिला. मार्चमध्ये पानं वाळली, उकरून पाहिलं तर निम्मे कांदे मऊ पडलेले. आमचं काय चुकलं? (कासारवडवली, घोडबंदर रोड)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, घोडबंदर रोडचं चुकलं.

मस्कारीची जात मूळची तुर्कस्तान, कॉकेशस, बाल्कन या बाजूच्या डोंगरांतली. तिकडे उन्हाळा कोरडा, तेव्हा कांदा जमिनीत झोपलेला. शरदात पाऊस पडला की पानं वर काढतो, मग थंडी-बर्फ, आणि बर्फ वितळताच फूल. पानांसाठी त्याला थंडी लागत नाही. ती तिकडेही थंडीच्या आधीच येतात, म्हणून तुमच्याकडेही आली. फुलाचा दांडा मात्र थंडीचा हिशेब पुरा झाल्याशिवाय उठत नाही. यात त्या झाडाचं शहाणपण आहे. नोव्हेंबरात चार दिवस ऊब मिळाली म्हणून फसून त्यानं फूल काढलं, तर पुढच्या बर्फात ते जळून जाणार. म्हणून तो थंडीचे दिवस मोजत बसतो. मोजणी पुरी झाली आणि मग ऊब आली, की त्याला वसंत आल्याची खात्री पटते.

हे वाचून ज्यांचं गाव घाटावर आहे त्यांना काहीतरी आठवलं असेल. कांद्याचे डेंगळे. रांगड्या कांद्याला किंवा उन्हाळ कांद्याला थंडी जरा जास्त लागली, की कांदा पोसायचं सोडून वर नळी काढतो आणि तिच्या टोकाला गोंडा. माझी आई वाफ्यात शिरून एकेक डेंगळा मोडत जायची, कारण डेंगळ्याचा कांदा आतून पोकळ, बाजारात त्याला भाव नाही. आणि ज्याला बी धरायचं असतं तो शेतकरी हेच मुद्दाम घडवून आणतो, निवडलेले कांदे थंडीच्या तोंडाशी परत लावून. म्हणजे आमच्या जुन्नरच्या शेतकऱ्याला जे नको असतं, नेमकं तेच तुम्हाला मस्कारीकडून हवंय. तुम्हाला डेंगळा हवाय, फक्त निळा.

आता आकडे बघा. माझ्या गच्चीवर थर्मामीटर टांगलेला आहे, जुन्या नोकरीची सवय. जानेवारीतल्या चांगल्या थंडीच्या पहाटे तो 16 दाखवतो आणि आम्ही स्वेटर घालून गच्चीवर चहा पितो. मस्कारीला पाहिजे 9 अंशांच्या खाली, आणि एखादी रात्र नव्हे तर सलग 12 ते 14 आठवडे. ठाण्याच्या गॅलरीत हे गणित बसणं शक्य नाही. खतानंही बसणार नाही. असा कांदा म्हणजे प्रवासाला बांधून दिलेला डबा असतो, पहिल्या फुलापुरतं सगळं अन्न आतच असतं. उलट शेणखतानं ओल धरून ठेवली, मार्चचं ऊन तापलं आणि पानं मिटत आलेल्या कांद्याला तुम्ही पाणी घालत राहिलात, म्हणून निम्मे कुजले. बाहेरच्या देशातला पाहुणा समजून आपण त्याला जरा जास्तच वाढतो.

उरलेले निम्मे टाकून द्या. पानांनी पोसले गेले नसणार. यंदा नवे घ्या आणि खालचं उत्तर वाचा.

प्रश्न : हायसिंथचे कांदे फ्रिजमध्ये ठेवले तर आपल्याकडे फुलतात असं ऐकलं. नेमकं कसं करायचं? घरात फ्रिज एकच आहे आणि सासूबाईंचं म्हणणं, कांदा फ्रिजमध्ये ठेवायचाच नसतो. (ऐरोली)

उत्तर : सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. खायचा कांदा फ्रिजमध्ये ठेवला की त्याला कोंब येतात. त्यांना सांगा की आपल्याला कोंबच आणायचेत, मग परवानगी मिळेल.

हायसिंथ मस्कारीपेक्षा मोठा आणि आपल्या हवेत जरा जास्त भरवशाचा. 10 ते 12 आठवडे 5 ते 9 अंशांत राहिला की त्याचं काम होतं. नवशिक्यानं निळ्यात हाच घ्यावा. 'डेल्फ्ट ब्लू' फिका निळा, 'ब्लू जॅकेट' गडद. कांदा घेताना घेर विचारा. हे कांदे सेंटिमीटरच्या घेरावर विकले जातात, 16-17 च्या खालचा घेऊ नका, पाण्यावर फुलवायचा असेल तर 18-19 चा. सालही बघा. निळ्या-जांभळ्या फुलांच्या कांद्याची साल सहसा जांभळट असते, पांढरट सालीच्या कांद्यातून बहुधा पांढरं किंवा पिवळसर फूल निघतं. पिशवीवर निळं चित्र आणि आत चांदीसारखे पांढरे कांदे असतील तर दुकानदाराला तिथल्या तिथे विचारा.

कांदे हातात आले की लगेच कागदी पिशवीत घाला. प्लास्टिक नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. पिशवीला दोन-चार भोकं पाडा आणि वर मोठ्या अक्षरात 'खायचे नाहीत' असं लिहा. हे गमतीनं सांगत नाही, हायसिंथचा कांदा पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. दिसायला तो इतका आपल्या कांद्यासारखा असतो की सकाळी सहाला पोहे करणाऱ्या माणसाकडून भेद होणार नाही. हाताळतानाही हातमोजे घाला, नाहीतर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. अळू चिरताना जी खाज येते तीच इथे येते, कारणही तेच, सुईसारखे बारीक ऑक्झलेटचे स्फटिक.

पिशवी खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये. बर्फाच्या कप्प्याजवळ नको. शक्य असेल तर दोन दिवस तिथे थर्मामीटर ठेवून बघा. घरच्या फ्रिजचा ड्रॉवर साधारण 5 ते 8 वर असतो, म्हणजे अगदी हवा तसा. 15 ऑक्टोबरला ठेवलात तर 12 आठवडे 7 जानेवारीला पुरे होतात आणि फूल जानेवारीच्या शेवटी येतं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबलात तर फूल फेब्रुवारीच्या मध्यावर येईल. तेव्हा आपल्याकडे दुपारी पंखा लागलेला असतो, आणि हायसिंथला पंख्याची हवा मानवत नाही.

आता माझी फजिती ऐका. त्या ड्रॉवरमध्ये फळं ठेवायची नाहीत. सफरचंद, केळं, चिकू, पेरू, टोमॅटो, काहीच नाही. पिकताना फळातून इथिलीन वायू निघतो आणि तो कांद्याच्या आतलं फूल मारतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सफरचंदाच्या खोलीत दुसरा माल टाकायचा नाही हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं ओरडून शिकवलं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर केळी पिकवायच्या खोल्या होत्या आणि तिथे हाच वायू मुद्दाम सोडायचे. पहिल्या वर्षी मी सहा हायसिंथ मागवले, तारीख लिहून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि निर्धास्त झालो. नोव्हेंबरात मुलगा सासवडकडून सीताफळांची टोपली घेऊन आला. ओट्यावर पिकलेली सीताफळं आमच्या हिनं उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली, अगदी पिशवीला टेकून. मी रोज तो ड्रॉवर उघडत होतो, त्यातलं सीताफळ काढून खात होतो, आणि माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

जानेवारीत सहाही कांद्यांना पानं आली. चार-चार, जाड, हिरवीगार. मध्ये मात्र काहीच नाही. दोन आठवडे वाट पाहिली आणि एक कांदा विळीवर उभा चिरला. पहिल्यांदा दिसतो तो आपला रोजचा कांदा, पापुद्र्याला पापुद्रा. पण तळाच्या चकतीवर मधोमध करंगळीच्या पेराएवढा कोंब उभा होता आणि त्याला राळ्याच्या दाण्यांसारखे कण चिकटलेले होते. तीच फुलं. सगळी तपकिरी, वाळून कागद झालेली, बोट लावलं तर भुगा. बाजारात कांदा आपल्या हातात येतो तेव्हा त्याच्या पोटात फुलं आधीच तयार असतात, उन्हाळ्यातच ती आत घडलेली असतात, हे मला त्या दिवशी दिसलं. पुढच्या वर्षी दीडशे रुपयांचा एक चांगला कांदा मी केवळ बघण्यासाठी चिरला. ही म्हणाली, तुम्हाला काम नाही. आत तेच दाणे, पण ओले, हिरवट पांढरे. भिंगातून एकेका दाण्यावर सहा पाकळ्यांच्या रेघा दिसत होत्या.

फ्रिजमधून काढल्यावर दोन वाटा आहेत. एक कुंडीची. कोकोपीट आणि जाड रेती निम्मी निम्मी, कांद्याचं टोक वर राहील असं लावायचं, खत नाही. दुसरी पाण्याची, जी मला जास्त आवडते कारण मुळं दिसतात. कांदा वर टेकून बसेल अशा तोंडाची बरणी घ्या. पाणी कांद्याच्या बुडाच्या किंचित खाली, बुडाला लागता कामा नये, लागलं की कुजलाच. आठ-दहा दिवस अंधारात ठेवा. आमच्याकडे ही जागा धान्याच्या डब्यांमागे आहे. मुळं उतरली आणि कोंब दोन इंच झाला की उजेडात आणा, पण उन्हात नको. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम. पाणी चार-पाच दिवसांनी बदला.

फूल आलं पण दांडा उंच न होता पानांच्या गळ्यातच अडकून बसला, तर समजा थंडी कमी पडली, पुढच्या खेपेला दोन आठवडे वाढवा. माझ्याकडे एक तुरा पाच-सहा दिवस टिकतो. रात्री बरणी परत फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस जास्त मिळतात. आमच्या घरी याला बंदी आहे. हायसिंथचा वास भारी असतो आणि सकाळी चहाला दूध काढलं तर तो दुधाला लागलेला असतो.

प्रश्न : फुलून गेलेले कांदे जपून ठेवले तर पुढच्या वर्षी येतील का? (वाशी)

उत्तर : नाही. आपल्या उन्हाळ्यात त्यांना पानं टिकवून पोट भरायला वेळच मिळत नाही. खतात टाका. दरवर्षी नवे घ्यावे लागतात, आणि हे परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही दर वर्षी परवडत नाही. ज्यांना एकदाच पोटभर बघायचंय त्यांनी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत श्रीनगरला जावं. दल सरोवराच्या वर, जबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 साली सुरू झालेली ट्यूलिपची बाग आहे. तिथे ट्यूलिपच्या जोडीला हायसिंथचे ताटवेही असतात. फ्रिज लागत नाही, आख्खं काश्मीरच त्या कामाला आहे.

प्रश्न : एका वेबसाइटवरून 'आकाशी निळा ट्यूलिप' म्हणून दहा कांदे आणि 'निळा गुलाब' म्हणून बियांची पुडी आली. कांद्यांतून तीनच उगवले, फूल नाही. बियांतून जे आलं ते राजगिऱ्यासारखं दिसतंय. तक्रार केली तर 'हवामान अनुकूल नाही' असं उत्तर. (चरई, ठाणे)

उत्तर : राजगिराच असेल, भाजी करून बघा. नाही, आधी कुणाला तरी दाखवा आणि मग करा.

खरा निळा ट्यूलिप अजून कुणी बनवलेला नाही. निळा म्हणून विकतात तो जांभळा. गुलाबाचं तर त्याहून अवघड. जपानमध्ये एका कंपनीनं पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घालून 'निळा गुलाब' 2009 साली बाजारात आणला. इतका खटाटोप करूनही तो फिक्या जांभळ्याच्या पलीकडे गेला नाही. त्यामुळे गडद निळ्या गुलाबाचं बी पुडीत घालून कुणी चाळीस रुपयांत विकत असेल, तर ते संगणकावर रंगवलेल्या चित्राचे चाळीस रुपये आहेत. ट्यूलिपचं म्हणाल तर त्यालाही तीच थंडी लागते, आणि 'हवामान अनुकूल नाही' ही गोष्ट कांदे पाठवण्याआधी त्यांना माहीत होती. पैसे परत मागा, पावतीचा फोटो जोडून. मी स्वतः एकदा असाच पाचशेला बुडालो आणि लाजेनं कुणाला सांगितलं नाही.

फुलात निळा मिळणं एवढं कठीण का, याचा छोटा प्रयोग घरी करता येतो. गोकर्णाची पाच-सहा निळी फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळं होईल. त्यात लिंबू पिळा, जांभळं आणि मग गुलाबी. रंगद्रव्य तेच, आंबटपणा बदलला की निळा पळाला. पाकळीच्या आत निळा टिकवायला झाडाला आंबटपणा सांभाळावा लागतो, जोडीला दुसरी द्रव्यं लागतात, काही फुलांत धातूसुद्धा. सगळी जुळवाजुळव जमेल अशी झाडं थोडी.

प्रश्न : इंग्लंडच्या जंगलात झाडांखाली ब्लूबेलचा निळा गालिचा असतो, त्याचे फोटो बघून वेड लागलंय. आमच्या सोसायटीच्या मागे खारघरच्या टेकडीचा उतार आहे, मोठी झाडं आहेत, सावली आहे. तिथे शंभरेक कांदे लावले तर? (खारघर)

उत्तर : लावू नका. शंभर कांद्यांचे पैसे आधी मोजा आणि मग जुलैतला तुमचा तो उतार आठवा, पाण्याचे पाट वाहत असतात. ब्लूबेल एप्रिल-मेमध्ये फुलते, तिकडच्या ओक-बीचच्या झाडांना नवी पानं येऊन सावली पडायच्या आत. त्या महिनाभराच्या उन्हावर तिचं वर्षाचं पोट भरतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उतारावर वणवे लागतात. बियापासून फुलापर्यंत यायला तिला पाचेक वर्षं लागतात, म्हणून तिकडेही तिची फार जपणूक. पानं तुडवली गेली तर कांदा उपाशी राहतो. ब्रिटनमध्ये रानातले ब्लूबेलचे कांदे खणून विकायला 1998 पासून बंदी आहे.

या घराण्यातल्या नावांचा घोळही बघण्यासारखा आहे. सायबेरियन स्किला म्हणून सुंदर निळी फुलं असतात, ती मुळात सायबेरियाची नाहीत, कॉकेशस-तुर्कस्तानकडची. आणि आपण जिला शिव्या घालतो ती तळी भरून टाकणारी जलपर्णी इंग्रजीत वॉटर हायसिंथ. हायसिंथशी तिचं काही नातं नाही, ती दक्षिण अमेरिकेतून आली. नर्सरीत नुसतं 'हायसिंथ' म्हणून कुणी टबात तरंगणारं रोप दिलं तर घेऊ नका.

गालिचाच बघायचा तर सप्टेंबरात कासला जा. सीतेची आसवं नावाची बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं ओल्या कातळावर पसरलेली असतात, ती पण कांद्याची नव्हेत, पाण्यातले बारीक किडे धरून खाणारी आहेत. बघा आणि परत या, उपटून आणू नका. येऊरच्या रानातून, म्हणजे राष्ट्रीय उद्यानातून, काहीही खणून आणणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हे दोनदा लिहितो, कारण दर पावसाळ्यानंतर 'येऊरहून आणलेला कंद कसा जगवू' असं एखादं पत्र येतंच. त्याला मी उत्तर देत नाही.

प्रश्न : हे फ्रिजचे उद्योग नकोत. ठाण्याच्या हवेत कुंडीत कायम राहील असं, कांद्याचं किंवा कंदाचं, निळं फूल आहे का? (कळवा)

उत्तर : या सगळ्या पत्रांत मला आवडलेला प्रश्न हा. आहेत, पण वसंताचा हट्ट सोडा, आपला निळा पावसाळ्यात असतो.

पहिली आभाळी. नावातच सगळं आलं. सह्याद्रीतली आहे, कातळावरच्या मूठभर मातीत वाढते, खाली गाठीसारखी मुळं. जुलै ते सप्टेंबरात फुलते. फूल लहान, तीन पाकळ्यांचं, पण त्याचे पुंकेसर जवळून बघा, त्यांना निळ्या-जांभळ्या लोकरीसारखे केस असतात. पावसाचे थेंब त्या केसांत अडकून राहतात. माझ्याकडे आहे ती गावच्या आमच्या बांधावरची. उथळ कुंडी, निम्मी रेती आणि विटांचा चुरा. दिवाळीनंतर पानं वाळली की पाणी बंद, कुंडी एका कोपऱ्यात सरकवून जूनपर्यंत विसरा. पहिल्या वर्षी मी विसरलो नाही, दया येऊन पाणी घातलं आणि गाठी सडल्या. दुसऱ्या वर्षी गावाहून परत आणावी लागली.

दुसरं, नर्सरीत ब्लू जिंजर नावानं मिळतं ते. आल्याशी संबंध नाही, आभाळीच्याच कुळातलं, ब्राझीलचं. जमिनीत जाड कंदमुळं, वर चार-पाच फुटांच्या काठ्या, आणि पावसाळा सरताना टोकाला गडद निळ्या-जांभळ्या फुलांचा तुरा. सावलीत येतं, त्यामुळे दोन इमारतींच्या मध्ये कोंदटलेल्या गॅलरीतही खूष. मोठी कुंडी द्या. निळी आगापँथस लिली मात्र घेऊ नका. माझ्याकडे तीन वर्षं नुसती पानं आहेत. रोज बघून न बघितल्यासारखं करतो.

वसंतच हवा असेल तर भुईचाफा. आता कुणी लिहील की तो निळा नाही. नाही, पांढरा, मधली पाकळी जांभळी, निळ्याशी लांबचं नातं. पण फुलण्याची तऱ्हा अगदी त्या विलायती कांद्यांची. कुंडी डिसेंबरपासून कोरडी ठणठणीत, वर एक पान नाही, घरी आलेला माणूस विचारतो की ही रिकामी का ठेवलीय. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये एका सकाळी मातीतून थेट फूल वर येतं, देठ नाही की पान नाही, जमिनीला टेकलेलं. वास घ्यायला गुडघे टेकावे लागतात, माझ्या वयाला ते परवडत नाही पण टेकतो. संध्याकाळपर्यंत ते मिटतं, दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं. पानं नंतर येतात, वरून पिसासारखी नक्षी, खालून जांभळी. त्याला फ्रिज लागत नाही, कोरडेपणा लागतो. आणि पानं आल्यावर पावसाळाभर भरपूर शेणखत.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या सगळ्या कुंड्यांत एक निळ्या फुलाचं गवत माजतं. उपटलं तरी परत येतं. औषध सांगा. (नौपाडा, ठाणे)

उत्तर : हा केना. औषध नाही, आणि मारू नये असं माझं मत. सगळा उपटू नका, एका कुंडीत राहू द्या आणि सकाळी नऊच्या आत बघा. दोन मोठ्या पाकळ्या निळीत बुडवून काढल्यासारख्या, तिसरी लहान, आणि मध्ये पिवळे ठिपके. दुपारपर्यंत मिटून चिकट होतो. उपटून परत येतो याचं कारण तो मातीखालीही फुलं धरतो, न उमलणारी, आणि तिथेच बी करतो. तुम्ही वरचं काढता, खालचं राहतं. आभाळीच्या आणि त्या ब्लू जिंजरच्याच कुळातला आहे. कोवळ्या पानांची भजी होतात, ओळख पक्की असेल तरच करा. बेसन पातळ ठेवा.